थावरा आडेचा इटालियन टाका

कनेरगाव नाक्यावर लखमाच्या ढाब्याला लागून एक पत्र्याची टपरी होती. तिच्या कपाळावर पिवळ्या रंगात लिहिलेलं, 'हैद्राबाद कुशन वर्क्स'. हैद्राबादचा त्या टपरीशी संबंध एवढाच, की तिचा मालक थावरा आडे अठराव्या वर्षी तांड्यावरून पळून तिकडं गेला होता आणि एका उस्तादाच्या हाताखाली दीड वर्ष काथ्या बडवून परत आला होता. काथ्या बडवायचा, धूळ खायची, उस्तादाला चहा आणून द्यायचा. सुईला बोट लावू दिलं असेल तर शपथ! पण परमुलखातून माणूस काही तरी घेऊनच येतो. थावरानं उस्तादाची जीभ आणली.

ती जीभ कशी, तर कुठलीही गाडी टपरीपुढं थांबली की हा आधी सीटची शिवण दोन बोटांत धरायचा, नाक मुरडायचा आणि विचारायचा, "कोन्या ढोरानं शिवलं हे?" एकदा ते ढोर तो स्वतःच निघाला. ट्रकवाल्यानं सांगितलं, बाबा, दोन वर्षांखाली तूच शिवलंस. तर म्हणाला, "तवा धागाच बेकार येत व्हता," आणि मोकळा झाला.

हात मात्र चांगला होता, ते नाकारून चालायचं नाही. बघून बघून शिकला होता आणि सुतळीला असा ताण द्यायचा की वाशीमहून येणारे ट्रकवाले मुद्दाम इथं थांबायचे. दैवतं त्याची दोन. एक तांड्यावरची देवी आणि दुसरी कंपनी. कंपनीनं केलं ते ब्रह्मवाक्य, गावात झालं ते गावठी. एक शेतकरी ट्रॅक्टरची सीट घेऊन आला. म्हणाला, रेक्झिन फार तापतं, वरून गोणपाट शिवून दे. थावरा खवळला. "कंपनी येडी हाय का? कंपनीनं विचार करूनच रेक्झिन घातलं असंल ना?" त्यानं नवं कोरं रेक्झिनच ठोकून दिलं. त्या माणसानं वैशाखातली सगळी नांगरट उभ्यानं केली.

थावराच्या मनात एक काटा होता. ट्रकच्या मागं बारकं चित्र काढणारा पेंटरसुद्धा खाली आपलं नाव, गाव टाकतो. देवळात एक फरशी देणारा तिच्यावर बापाचं नाव कोरून घेतो. थावराच्या कामावर मात्र सगळं जग बूड टेकून बसायचं, त्यामुळं ते कुणाला दिसायचंच नाही. लोक त्याला 'गादीवाला' म्हणायचे. त्याला कारागीर म्हणवून घ्यायचं होतं. एकदा, एकाच कामावर, आपलं नाव लिहिलेलं बघायचं होतं. पंचेचाळिशी उलटली तरी ही हौस फिटली नव्हती, आणि बायकोजवळ ती बोलायची सोय नव्हती.

बायको जिवनबाई. आरसे लावून भरतकाम करण्यात तांड्यावर तिचा हात धरणारी कुणी नव्हती. पण ते बायकांचं काम, म्हणजे थावराच्या हिशेबी काम नव्हेच. दोघं आपसात गोरमाटीत, म्हणजे तांड्यावरच्या बंजारा बोलीत, बोलायची. ते आपण इकडच्या बोलीत ऐकू.

नव्व्याण्णव साली हिंगोलीचा जिल्हा झाला आणि जो तो मोठा झाला. पानाच्या टपरीचं पानमंदिर झालं, कटिंगच्या दुकानाचं जेंट्स पार्लर झालं, आणि साखऱ्याचा शिवहार, जो कालपरवापर्यंत गिट्टीचा ट्रॅक्टर हाकायचा, तो शिवहारराव कंत्राटदार झाला. तो ओढ्यांवर पूल बांधायचा. पूल मोठे नम्र होते; पाणी आलं की आदरानं बाजूला व्हायचे. शिवहाररावांचा बंगला झाला, गळ्यात साखळी आली, बोलण्यात 'आहे' आणि 'नाही' आलं. राहिलं होतं एक खानदान. ते काही टेंडर भरून मिळत नाही. बाप मसाजी आयुष्यभर मेंढरं राखून वारलेला, आणि आई बनाबाई अजून साखऱ्यालाच पाच-पंचवीस मेंढरं घेऊन राहायची. बंगल्याच्या फरशीवर आईचा पाय घसरतो, असं शिवहारराव चारचौघांत सांगायचे. खरं तर पाय घसरत नव्हता. तिला बघून पाहुण्यांची नजर घसरायची.

अशात २००१ च्या दसऱ्याची तयारी सुरू झाली. त्या वर्षी हिंगोलीच्या दसरा प्रदर्शनात जुन्या गाड्यांचा एक मंडप घालायचं ठरलं. शिवहाररावांना साखऱ्याच्या गोठ्यात पंधरा वर्षं कडब्याखाली पडलेली गाडी आठवली. फियाट. मागून गोल गरगरीत, म्हणून लोक जिला डुक्कर फियाट म्हणतात ती. गाडी औरंगाबादला गेली, इंजिन झालं, रंग झाला, सीटा झाल्या. राहिली डिकी. तिच्या आतल्या अस्तराला तिथल्या एकानंही हात लावला नाही. म्हणाले, असलं काम कधी बघितलं नाही. मग गाडी टेम्पोवर चढून थावराच्या दारात आली.

"आमच्या आजोबांची गाडी आहे, थावरा," शिवहारराव म्हणाले. "निजामाच्या वेळेची. आजोबा कलेक्टरासोबत हिच्यातून शिकारीला जायचे."

बॉनेटखालची पत्र्याची पट्टी थावरानं तोवर थुंकी लावून पुसली होती. साल होतं एकोणीसशे छप्पन्न. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. पण गिऱ्हाईक गिऱ्हाईक असतं.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "शिकारीचीच दिसून राहिली."

"अस्तर बराबर ओरिजनल पाहिजे. औरंगाबादहून जाणकार येणार आहेत, ते आधी डिकी उघडतात म्हणे. आणि हे बघ, गाडीपुढं पाटी लागणार आहे. तिच्यावर तुझं नाव टाकू. अस्तरकाम, कारागीर थावरा आडे."

नाव टाकायला शिवहाररावांचं काय जात होतं? पण थावराच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कारागीर! त्या दिवशी त्यानं दोन ट्रकवाले परतवून लावले आणि लखमाला ढाब्यावर जाऊन सांगितलं, की आता महिनाभर मला कुणी हाक मारायची नाही.

वर कुणी तरी मागाहून चिकटवलेलं रेक्झिन अर्धं सुटून आलं होतं. ते 'कोन्या ढोरानं' म्हणत त्यानं ओढून काढलं. खाली अस्तर होतं ते लोकरीचं. काळपट, जाड, डिकीच्या प्रत्येक वळणाला मापात बसलेलं. चाकाच्या फुगवट्यावर तर असं बसलं होतं, की जणू ते तिथंच उगवलं असावं. थावरानं जोडावरून हात फिरवला. हाताला जोड लागेना. परत फिरवला. ढोर हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही, ही त्या टपरीच्या इतिहासातली पहिलीच वेळ.

"इटली!" शेवटी तो म्हणाला. "गाडी मुळात इटलीची. हे कंपनी फिटिंग हाय. बघ, याला म्हंतेत काम!"

जिवनबाई भाकरी घेऊन आली होती. तिनं वाकून बघितलं, वास घेतला. "मेंढराचा वास येऊन राहिला. घोंगडं हाय हे."

"इटलीत मेंढरं न्हाईत का?"

"असतील की." तिनं लोकरीत बोटं घालून एक कुसळ उपटून त्याच्यापुढं धरलं. "पन इटलीच्या मेंढराला हे आपलं कुसळ कुठं लागलं?"

"शिकारीला गेले व्हते ना त्याचे आजोबा! तवा लागलं. तुला बाईला काय कळतं? ठेव भाकर आन् जा."

तिनं भाकरी ठेवली. जाताना एवढंच म्हणाली, "टाका खालून बघ. असा टाका वरून कळत न्हाई." बायकोनं सांगितलं म्हणून खालून बघायचं, तर मग हैद्राबादला काथ्या कशाला बडवला? थावरानं टाका वरूनच उसवला. जुना धागा सुटता सुटता पीठ झाला, लोकर हातात विरली, आणि अस्तर मापं घेण्यापुरतं तेवढं उरलं. टाका त्याला अर्धाच कळला. उरलेला अर्धा त्यानं अकलेनं भरून काढला. गाठी वर ठेवल्या आणि स्वतःलाच समजावलं, मजबुतीसाठी कंपनीनं तसंच केलं असणार. पण मेहनत केली, खोटं कशाला बोला? नांदेडहून नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, आणलं, चहाच्या पाण्यात बुडवून त्याला जुना रंग आणला, दाभणानं बोटं फोडून घेतली. महिन्यानं डिकी तयार झाली, तेव्हा ती बघायला नाक्यावरची माणसं रांगेनं आली. थावरा प्रत्येकाला सांगायचा, "इटालियन टाका. आपल्याकडं कुनाला येत न्हाई."

प्रदर्शनात गाड्या आल्या चार. एक अँबेसिडर, एक जीप, एक राजदूत फटफटी, जी गाडीत मोजावी का यावर वाद झाला, आणि शिवहाररावांची फियाट. तिच्यापुढं स्टँडवर प्लास्टिकमध्ये घातलेली पाटी होती. वर आजोबांच्या शिकारीचा मजकूर, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात, 'अस्तरकाम (मूळ इटालियन पद्धत): कारागीर थावरा आडे, कनेरगाव नाका'. थावरा इस्त्रीचा सदरा घालून पाटीच्या शेजारी उभा. कुणी वाचायला वाकलं की हा थोडा बाजूला सरायचा, म्हणजे नाव झाकू नये. जिवनबाई बायकांच्या घोळक्यातून ते बघत होती. तिलाही आतून बरं वाटत होतं. नवरा कसाही असो, नाव नाव असतं.

जाणकार आले. निवृत्त साहेब, अंगात जाकीट, हातात भिंग. डिकी उघडली, भिंगातून टाका बघितला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणजे त्यांनाही काही कळलं नव्हतं. "अप्रतिम," ते म्हणाले. "इटलीचे जुने लोक असंच करायचे." थावराची छाती सदऱ्यात मावेना.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. साखऱ्याहून बायकांबरोबर दसरा बघायला आलेली. डोक्यावर पदर, पायात टायरच्या चपला.

"आरं शिवहार! ही तर आपली गाडी रं, लेकरा!"

शिवहाररावांचा चेहरा पांढरा पडला. तिला पाहुण्यांपुढं येऊ द्यायचं नाही म्हणून दोन वर्षं खपला होता गडी, आणि बनाबाई थेट मंडपातच.

"या कोण?" जाणकारांनी विचारलं.

"या होय?" शिवहारराव हसले. "जुनं माणूस आहे. आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडं कामाला होत्या."

गर्दीत निदान दहा जणांना ठाऊक होतं, की ही त्याची जन्मदाती आई आहे. पण त्यातल्या सहा जणांचे ट्रॅक्टर शिवहाररावांच्या कामावर होते आणि बाकीच्या चौघांना लावायचे होते. बनाबाईनं लेकाकडं एकदा बघितलं. मग त्याच्याकडं पाठ करून ती डिकीत वाकली.

"हे म्या शिवलं व्हतं, साहेब," ती जाणकारांना म्हणाली. "मालकानं एका डागदराकडून गाडी आनली. डागदराच्या घरी लगीन व्हतं, आमची बोकडं घेतली त्यानं आन् बदल्यात ही देली. वाटंत मेंढरं व्यायची. कोवळी कोकरं आमी हिच्यात टाकायचो. पत्रा तापायचा, भाजायची लेकरं. म्हून घोंगडं फाडून अस्तर केलं." तिनं जोडावरून बोट फिरवलं आणि थांबली. "पन हा टाका माझा न्हाई. ह्याच्या गाठी वर आल्यात. कोकराचा खूर अडकंल की! कोन शिवलं हे?"

सगळ्यांनी पाटीकडं बघितलं आणि पाटीवरून थावराकडं.

जाणकार आता गोंधळले होते. त्यांनी नुकतंच इटलीच्या जुन्या लोकांबद्दल बोलून ठेवलं होतं. "काय हो कारागीर," ते म्हणाले, "या बाई म्हणतात ते खरं आहे का? अस्तर तुम्हीच उसवलंय. तुम्हीच सांगा."

कारागीर. चारशे माणसांत, मोठ्यानं, भिंगवाल्या साहेबाच्या तोंडून. याच हाकेसाठी थावरानं जन्म काढला होता, आणि ती आली ती अशी. सगळं त्याला त्याच क्षणी कळलं. वास कळला, कुसळ कळलं, हाताला न लागणारा जोड कळला. गाठी खाली का ठेवायच्या तेही कळलं. ही म्हातारी उस्ताद होती. हैद्राबादेत त्याला सुईला हात लावू न देणाऱ्या त्या उस्तादापेक्षाही मोठी. त्याला लाज वाटली, अगदी कानाच्या पाळीपर्यंत. 'व्हय साहेब, बाईचंच हाय' एवढं म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं की पाटी गेली. शिवहारराव पाटीवरचं नावच काय, पाटीच चुलीत घालणार.

"न्हाई साहेब," थावरा म्हणाला. "हे इटलीचं काम हाय. बाईला काय कळतं?"

शिवहाररावांनी श्वास सोडला. जाणकारांनीही सोडला. बनाबाई थावराकडं बघत राहिली. रागानं नव्हे, मेंढरू चुकीच्या कळपात शिरलं की बघतात, तसं.

"असंल बाबा," ती म्हणाली. पदर सारखा करून ती बायकांबरोबर आकाशपाळण्याकडं निघून गेली.

फियाटला पहिला नंबर मिळाला. थावराला शाल आणि नारळ मिळाला, आणि तिसऱ्या दिवशीच्या पेपरात आतल्या पानावर नावही छापून आलं. ते कात्रण त्यानं टपरीत टाचलं. जिवनबाईनं त्याकडं मान वर करून बघितलं नाही. थावरा जेवायला बसला, तेव्हा ती आपल्या भरतकामाची कांचळी, तांड्यावरची आरशांची चोळी, त्याच्यापुढं टाकून म्हणाली, "ही बी इटलीची म्हून सांगत जा. म्हंजे माझं बी नाव व्हईल." त्यानंतर पंधरा दिवस घरात कामापुरतं बोलणं होतं.

गिऱ्हाईकं मात्र धावत आली. परभणीची एक गाडी आली, नांदेडच्या दोन आल्या. सगळ्यांना इटालियन टाका हवा होता. आणि दिवाळी होते न होते, तोच शिवहाररावांचा निरोप आला. कुणाकुणाला वाटायला मिठाईची खोकी डिकीतून नेली होती, तर खोकी गाठींना घासून घासून अस्तर जागोजाग उसवलं होतं. कडा वर आल्या होत्या. मागाहून परभणीवालाही तेच सांगत आला. थावराचं जन्मात पहिल्यांदा कुठं नाव लागलं होतं, आणि तेच नाव आता जिथं तिथं उसवत चाललं होतं. गाठ खाली घ्यायची हे त्याला कळत होतं, पण खाली घेतली की कापड ओढायचं, जोड हाताला लागायचा. आठ दिवस त्यानं झटापट केली. जमेना.

शेवटी ती शाल पिशवीत घालून तो साखऱ्याला गेला. एसटीत बसताना त्यानं दहा वेळा मनाशी घोकलं, की आधी माफी मागायची, मग टाका मागायचा.

बनाबाई गोठ्यात टकळीवर लोकर कातत बसली होती. तिनं त्याला ओळखलं, बाज दाखवली, तांब्याभर पाणी दिलं. घरी आलेल्या माणसाला पाणी न विचारायची रीत तिला ठाऊक नव्हती. थावरा पाणी प्याला. घोकलेली माफी राहून गेली, आणि तोंडातून जे निघालं ते दुसरंच निघालं.

"माय, तेवढा टाका दाखवता का? गाठ खाली कशी घेतात?"

"काहून? तुमचा टाका चांगला हाय की. पयला नंबर आलाय."

"उसवून राहिला, माय. समदीकडं उसवून राहिला. माझं नाव चाललंय."

म्हातारीची टकळी थांबली. थावरानं घाईघाईनं पिशवीतून शाल काढली आणि दोन्ही हातांनी पुढं धरली. बनाबाईनं ती घेतली नाही. फक्त अंगठा आणि बोटात तिचा काठ धरून चोळून बघितला, जशी थावरा ट्रकवाल्यांच्या सीटांची शिवण धरून बघायचा.

"बाबा," ती शांतपणे म्हणाली, "पोटच्या पोरानं मला कामवाली केलं. त्याला त्याची लाज हाय, ते म्या समजून घेतलं. तुमी तर हातानं शिवनारं मानूस. तुमाला कळलं व्हतं त्या दिशी. म्या बघितलं तुमच्या तोंडाकडं, तुमाला समदं कळलं व्हतं."

थावरानं पुढं धरलेली शाल मांडीवर घेतली.

"आता इटलीला जाऊन इचारा," बनाबाई म्हणाली. "मला बाईला काय कळतं?"

बाहेर एक कोकरू ओरडायला लागलं तशी ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि त्याच्याकडं गेली. थावरा उघडी शाल मांडीवर घेऊन बाजेवर बसून राहिला. ती आत येईल, अशी वाट बघत त्यानं शेवटची एसटी जाऊ दिली.